काय तोडायचं, काय उभं ठेवायचं

प्रश्न : बांधावरचे तीसेक साग विहिरीच्या कामासाठी विकतो आहे. सोबत एक वाळलेला म्हातारा मोह आहे, ठेकेदार तोही जळतनासाठी मागतो. देऊ का? (एक शेतकरी, मूल तालुका)

भाऊ, साग खुशाल विका. फक्त वनविभागाची परवानगी हातात आल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लावू देऊ नका. मोह मात्र ठेवा, निदान त्यात ढोली आहे का ते आधी बघा. राखी धनेश या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, आयती लागते. उन्हाळ्यात मादी आत शिरते आणि विष्ठेने तोंड लिंपून घेते. नराची चोच जाईल एवढीच फट उरते. आत तिची उडायची पिसं गळून पडतात, म्हणजे तेव्हा झाड पाडलं तर ती पळूही शकत नाही. मी ढोलीखाली तासभर बसून पाहिलंय : नर उंबरं घशात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून आत देतो. या मोहातून जळतन निघून निघून किती निघेल, एक-दोन बंड्या!

प्रश्न : ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय. बांबूची रांजी (बेट) पूर्ण कापली की नवा बांबू जोमाने येतो, असं काहीजण म्हणतात. खरं का? (ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका)

नाही ताई. कोंब जमिनीतल्या कंदातून फुटतो आणि कंदाला पोसतात उभे हिरवे बांबू. सगळे कापले तर पुढच्या पावसाळ्यात बोटभर जाडीचे येतील. दोन वर्षांपर्यंतचे कोवळे ठेवा, त्यांना आधार म्हणून काही जुनेही. घोड्याच्या नालेसारखी एका बाजूने वाट करून मधले पिकलेले काढा. पावसाळ्यात तोड बंद, वास्तेही (खायचे कोवळे कोंब) बेताने काढा. नाल्याकाठच्या रांज्यांना हातच लावू नका, मे महिन्यात वाघ-अस्वलं तिथेच सावलीला पडतात. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक पास देण्याचा अधिकारही. तिथल्या लोकांना एकदा भेटून या.

प्रश्न : सागाचं रोपवन म्हणजे जंगलच ना? (विद्यार्थी, गोंदिया)

माझ्या मते नाही. निव्वळ साग उन्हाळ्यात उघडा पडतो, आणि मोह, तेंदू, चारोळीसारखं खायलाही देत नाही. पण लाकूड लागतंच, म्हणून रोपवनं राहणार. विरळणीच्या (दाटी कमी करायला झाडं काढण्याच्या) वेळी मधे आपोआप उगवलेला ऐन, उंबर, मोह तण समजून छाटतात, तेवढं थांबलं तरी शेकरूला एका झाडावरून दुसऱ्यावर जाता येईल.