उत्तर : 12×18 इंचांच्या फ्रेमसाठी फोटोला बॉर्डर लावताना

आजोबांच्या फोटोला चारही बाजूंनी सारखी बारीक पांढरी बॉर्डर लावून तुम्ही तो लॅबला दिलात आणि हातात आलेल्या प्रिंटमध्ये उजवीकडची पट्टी जाड, डावीकडची जवळजवळ नाहीशी आणि वरून टोपीचे टोक कापलेले निघाले, हे तुमचे वर्णन वाचून मला राहवले नाही. हाच मनस्ताप मी काही वर्षांपूर्वी भोगला आहे. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही, हौसेने प्रिंट काढून घेणारा माणूस आहे. शिवाय प्रत्येक लॅबचे यंत्र वेगळे असते, म्हणून पुढचे आकडे एका प्रिंटवर पडताळून मगच वापरावेत.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा घरातले अकरा फोटो दिवाणखान्यात लावायचे ठरवले आणि 12×18 च्या अकरा फ्रेम आधीच करून घेतल्या. प्रत्येक फोटोला मी पाव इंचाची पांढरी बॉर्डर लावली. पडद्यावर ती इतकी नेटकी दिसत होती की अकराच्या अकरा फायली मी एकदम देऊन टाकल्या, आणि हीच माझी सर्वांत महागात पडलेली चूक. कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून लॅबचे यंत्र फोटो थोडा मोठा करून छापते. ही वाढ दोन टक्के धरली, तरी 18 इंचांच्या बाजूवर दोन्हीकडून मिळून 0.36 इंच, म्हणजे एकेका कडेने साधारण साडेचार मिलिमीटर कापले जातात. त्यात कागद यंत्रात मिलिमीटरभर सरकला की सहा मिलिमीटरच्या बॉर्डरचे एका बाजूला जवळजवळ काहीच उरत नाही. उरलेसुरले फ्रेमची आतली खाच झाकते, कारण तीही प्रत्येक बाजूने पाच-सहा मिलिमीटर घेते. एका फोटोत आई तुळशीपुढे पणती लावते आहे आणि तिचा हात अगदी उजव्या कडेला आहे. फ्रेम लागली तेव्हा तिच्या बोटांची टोके लाकडाखाली गेली होती आणि नेमका तोच फोटो आईला सर्वांत प्रिय होता.

लॅबमध्ये मी तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा मला एकच उत्तर मिळाले, की फाईल जशी आली तशीच आम्ही छापली. ते खरे नव्हते. फोटो कागदभर पसरवण्याची सोय त्यांच्या यंत्रावर चालू होती आणि रंग आपोआप सुधारण्याचीही, त्यामुळे पणतीचा पिवळा उजेड पांढुरका होऊन आला. दोन्ही सोयी बंद करता येतात, हे मला पुढे दुसऱ्या लॅबमधल्या मुलाने न विचारता सांगितले. पहिल्या लॅबचे नाव मी इथे लिहिणार नाही. मात्र ग्राहकाला एवढी साधी गोष्ट न सांगता अकरा प्रिंटचे पैसे पुन्हा मागणे मला आजही पटत नाही. म्हणून ऑर्डर देताना ‘मोठा करू नका, कापू नका, रंग सुधारू नका’ हे तोंडी न सांगता ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या.

आता तुमच्या फोटोविषयी. मोबाईलचा फोटो 4:3 प्रमाणाचा असतो आणि 12×18 ची फ्रेम 3:2 ची. चारही बाजूंना सारखी बॉर्डर हवी असा हट्ट धरला, तर या दोन्हींचा मेळ कधीच बसणार नाही आणि फोटो कुठेतरी कापावाच लागेल. कॅमेऱ्याच्या 3:2 फोटोचीही तीच गत आहे : 12×18 मध्ये सगळीकडून दीड इंच सोडले की 9×15 ची जागा उरते आणि ती 3:2 राहत नाही. त्यामुळे आधी फोटोचा आकार ठरवावा आणि उरलेली जागा बॉर्डरला द्यावी. तुमचा फोटो उभा आहे, तर तो 9×12 इंच ठेवा. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, वर अडीच आणि खाली साडेतीन इंच पांढरे सोडा. खालची पट्टी जाड हवीच, कारण वरखाली सारखे अंतर ठेवले की भिंतीवरचा फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. 300 पिक्सेल प्रति इंच धरले, तर फोटो 2700×3600 आणि पूर्ण कॅनव्हास, म्हणजे बॉर्डरसह सगळे चित्र, 3600×5400 पिक्सेलचा होतो. बाजूंना 450, वर 750, खाली 1050. बारा मेगापिक्सेलचा न कापलेला फोटो साधारण 3024×4032 असतो, म्हणजे तो ताणावा न लागता थोडा लहानच करावा लागेल. इतकी रुंद बॉर्डर असली की यंत्राने आणि खाचेने काही मिलिमीटर खाल्ले तरी डोळ्याला खटकत नाही.

हे काम गिंप किंवा फोटोशॉप यांसारख्या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये करा, पण आधी फोटोचा आकार बदला आणि मग कॅनव्हासचा. उलट क्रमाने केले की बॉर्डरही फोटोबरोबर लहान-मोठी होते. काहीजण फाईलमधला पिक्सेल प्रति इंचाचा 72 हा आकडा 300 केला की फोटो सुधारला असे समजतात. पिक्सेल तेवढेच राहिले, तर त्या आकड्याने काहीही सुधारत नाही. तयार फाईल नव्या नावाने साठवा, मूळ फाईलला हात लावू नका. आजोबांचा मूळ फोटो नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आला असेल, तर तो बहुधा 1600 पिक्सेलपर्यंत आकसलेला असेल. त्यांच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवून घ्या.

रंगीत बॉर्डर लावू नये, असे माझे ठाम मत आहे. फिकट क्रीम रंग पडद्यावर छान दिसतो, पण कागदावर कधी गुलाबी तर कधी हिरवट उतरतो. शुद्ध पांढऱ्याला शाई लागत नाही, कागदाचाच रंग दिसतो, म्हणून तो फसवत नाही. फोटोची पार्श्वभूमी फिकट असेल, तर कडेने बारीक राखाडी रेघ ओढावी, एवढे पुरे.

आणि फ्रेमवाल्याला काच थेट प्रिंटला टेकवू देऊ नका. मध्ये माउंट बोर्डाची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, पट्टी घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेने प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. मात्र माउंट घातला तर तो स्वतःच बॉर्डरचे काम करतो, मग वरचे सगळे आकडे बदलतील. तुमच्या फ्रेमची आतली खाच पट्टीने मोजून कळवा आणि माउंट घालणार की नाही तेही लिहा, म्हणजे नेमके पिक्सेल काढून देतो.