‘अस’ : अभिनय पकडून ठेवतो, कथा निसटते

प्रश्न : जॉर्डन पील यांचा २०१९ सालचा ‘अस’ हा भयपट नुकताच पाहिला. लुपिता न्योंगो यांच्या दुहेरी भूमिकेने मी खिळून राहिलो, परंतु शेवटी शेवटी कथेचा धागाच हाती लागेना. माझ्या समजण्यात काही राहिले की मूळ कथाच गोंधळलेली आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या समजण्यात काही राहिलेले नाही. (रहस्य उघड केल्यावाचून उत्तर देता येणार नाही; तेव्हा ज्यांना चित्रपट पाहायचा आहे, त्यांनी येथेच थांबावे.)

कॅलिफोर्नियातील सांताक्रूझला सुटीसाठी आलेल्या विल्सन कुटुंबापुढे रात्री त्यांचीच प्रतिरूपे लाल पोशाखात उभी राहतात, तिथपर्यंत कोणत्याही खुलाशाची गरज भासत नाही. गोंधळ सुरू होतो तो कुटुंबातील आई अ‍ॅडलेड हिचे प्रतिरूप असलेली रेड (दोन्ही भूमिका न्योंगो यांच्याच) सगळा पूर्वेतिहास तोंडाने सांगू लागते तेव्हा. जमिनीखालच्या बोगद्यांत माणसांच्या प्रतिकृती घडवल्या गेल्या, प्रयोग फसला आणि त्या सशांच्या कच्च्या मांसावर जगत राहिल्या, हे एकदा सांगितल्यावर प्रेक्षक पुढचे प्रश्न विचारणारच. इतक्या जणांना पोशाख आणि कात्र्या कोणी पुरवल्या? खालच्यांच्या हालचाली वरच्यांशी बांधलेल्या असतील, तर १९८६ मध्ये एक लहान प्रतिरूप मुलगी आपल्या मर्जीने वर येऊन खऱ्या मुलीची जागा कशी घेते? भयकथेला कारण न सांगण्याची मुभा असते, पण अर्धेच कारण सांगितले की ती मुभा उरत नाही. उपासमार आणि बेघरांसाठी २५ मे १९८६ रोजी अमेरिकेत झालेल्या ‘हँड्स अक्रॉस अमेरिका’ या मानवी साखळीचा संदर्भ अतिशय अर्थपूर्ण आहे. तरीही त्या प्रतीकापर्यंत पोहोचण्यासाठी कथा हवी तशी वाकवली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभिनयाचे मात्र तसे नाही. अ‍ॅडलेड ही स्वतःच खालून आलेली आहे हे प्रेक्षकाला शेवटी कळते, पण न्योंगो ते पहिल्यापासून जाणून वावरतात. किनाऱ्यावर मैत्रिणीला ‘मला नुसत्या गप्पा मारणे जमत नाही’ असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसते ते भिडस्तपणापेक्षा अधिक काही असते. रेडचा फाटका, श्वास ओढत येणारा आवाज लहानपणी आवळल्या गेलेल्या गळ्याची आठवण देतो. तो आवाज न्योंगो यांनी स्वरयंत्राच्या स्नायूंच्या एका विकारावरून बेतला होता. त्यावर आक्षेप घेतले गेल्यावर त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. मैत्रिणीच्या भूमिकेतील एलिझाबेथ मॉस यांना वेळ फारच थोडा मिळाला आहे, तरी त्यांच्या प्रतिरूपाचा आरशापुढे ओठ रंगवण्याचा प्रसंग एका शब्दाविना अंगावर काटा आणतो. न्योंगो यांना या कामासाठी ऑस्करचे साधे नामांकनही मिळू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

आपण हा चित्रपट पुन्हा पाहावा आणि या वेळी केवळ अ‍ॅडलेडवर लक्ष ठेवावे. शेवटच्या झटापटीत तिच्या तोंडून निघणारे आवाज ऐकताना ती मुळात कोण आहे हे लक्षात येईल. बोगद्यांविषयीच्या शंका मात्र तशाच राहतील.