सुपरचार्जर घेण्याआधी बॉनेट उघड

पेट्या भरून आंबा घाट चढताना गाडी दम टाकते, म्हणून सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, बसवायचा विचार करतोयस? थांब, भावा. तुझ्या २५२३ सीसी डिझेल पिकअपला टर्बो आहेच, तोही हेच काम करतो. तो एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या, जोरावर फिरतो. सुपरचार्जर पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाचीच ताकद खाऊन. मोठी पेट्रोल गाडी असती तर म्हटलं असतं, ट्विन-स्क्रू जातीचा सुपरचार्जर घे, कमी आरपीएमलाच ओढ मिळते. सेंट्रिफ्युगल जातीचा वरच्या आरपीएमला जागा होतो, भरल्या गाडीला घाटात त्याचा काय उपयोग?

आधी एअर फिल्टर बघ. मग इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे, होस, क्लिपांसकट. आपली खारी हवा क्लिपा खाते. माझा होस तिथेच निसटला होता: काळा धूर, ओढ गायब. नवी क्लिप लावली आणि गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरवर चढू लागली. आणि घाटमाथ्यावर थांबलास की लगेच इंजिन बंद करू नकोस, मिनिटभर चालू ठेवून टर्बोला तेल मिळू दे.