भूमितीच्या सिद्धतेत आकृतीवरून ‘दिसते’ ती गोष्ट गृहीत धरावी का?

लांबी आणि कोनांची समानता तर कधीच धरू नये. पण खरा धोका ‘बिंदू कुठे पडतो’ यात असतो.

‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ ही जुनी फसवी सिद्धता घ्या. त्रिकोण अबक मध्ये कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक प मध्ये छेदतात. प पासून अब वर पल, अक वर पम हे लंब टाका. मग अल = अम, पल = पम, पब = पक, म्हणून कर्ण-भुजा कसोटीने लब = मक. बेरीज केली की अब = अक!

एकरूपतेच्या सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. चूक फक्त बेरजेत आहे. विषमभुज त्रिकोणात प परिवर्तुळावर, म्हणजे त्रिकोणाबाहेर असतो. एक लंबपाद बाजूवर पडतो, दुसरा वाढवलेल्या बाजूवर. अब = ५, अक = ७, बक = ८ घेऊन कंपासने काढून पाहा: अल = अम = ६, लब = मक = १. म्हणून अब = ६ − १ आणि अक = ६ + १. हाताने काढलेली ओबडधोबड आकृती नेमके हेच लपवते.

युक्लिडही यातून सुटला नाही. ‘एलिमेंट्स’ या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रमेयात (दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणे) दोन वर्तुळे छेदतात हे तो आकृतीवरूनच घेतो. त्याचे एकही गृहीतक तशी हमी देत नाही. रेषाखंड (०, ०) ते (१, ०) घेऊन सहनिर्देशक फक्त परिमेय ठेवले तर तो छेदनबिंदू, (१/२, √३/२), अस्तित्वातच नसतो. ‘दरम्यान असणे’, म्हणजे एक बिंदू दोन बिंदूंच्या मध्ये असणे, यासाठी गृहीतके जर्मन गणिती पाशने १८८२ मध्ये दिली, हिल्बर्ट या दुसऱ्या जर्मन गणितीने १८९९ मध्ये भूमितीच्या गृहीतकांची पूर्ण चौकट मांडली.

म्हणून आकृती ठळक विषमभुज काढा आणि ‘आत’, ‘मध्ये’, ‘त्याच बाजूला’ असे शब्द आले की त्याचे कारण वेगळे लिहा.