बाबांचं आत्मचरित्र आणि सूनबाईंची झोप

घरातल्या माणसाने काहीतरी लिहिलंय, मोठ्या हौसेने वाचायला दिलंय, आणि ते वाईट आहे. आता काय सांगायचं? समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे किती वेळा येतो हे सांगितलं तर आश्चर्य वाटेल. नाशिकचा गुणही असेल थोडा. कुसुमाग्रजांचं गाव, १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, २०२१ मध्ये साहित्य संमेलनही होऊन गेलं. इथे दर दोन घरांआड कुणाच्या तरी कपाटात कवितांची वही असतेच.

माझ्याकडे आलेल्या अशाच एक बाई शाळेत मराठी शिकवतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, की सासरे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेत, त्यांनी आत्मचरित्र लिहिलंय आणि स्वखर्चाने तीनशे प्रती छापायचं ठरवलंय. हस्तलिखित सूनबाईंकडे. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रश्न ठरलेला: “काय गं, वाचलंस का?” नवऱ्याचं म्हणणं, “छान आहे म्हण आणि मोकळी हो.”

“मॅडम, निंदकाचे घर असावे शेजारी म्हणतात. मी तर त्याच घरात राहते हो,” त्या म्हणाल्या. हसल्या आणि मग डोळे पुसले.

नवऱ्याचा सल्ला सोपा होता, पण त्याची किंमत सासऱ्यांनी मोजली असती. पुस्तक छापून झाल्यावर गोल्फ क्लबवरच्या (मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान झालं तरी आपण गोल्फ क्लबच म्हणतो) फिरायच्या मंडळींनी ते चाळून बाजूला ठेवलं असतं, आणि आपलं काय चुकलं हे बाबांना कुणीच सांगितलं नसतं.

मी विचारलं, “वाईट म्हणजे नक्की काय? कुठल्या पानावर?” त्यांना सांगता येईना. “सगळंच बोअर आहे,” म्हणाल्या. यावर कुणी काय करणार? लिहिणारा फक्त दुखावला जातो. पिशवीत हस्तलिखित होतंच, त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला सांगितलं. आईवरचं प्रकरण निघालं. “आई म्हणजे मांगल्याचा अखंड तेवणारा नंदादीप.” पुढे त्याग, माया, संस्कार. वाचता वाचता त्या स्वतःच थांबल्या. “ही कुणाचीही आई आहे.”

मग मी विचारलं, तुम्हाला त्यांच्या आईबद्दल काय माहीत आहे? तर भरभरून बोलायला लागल्या. जुन्या नाशकात किराणा दुकान होतं. दिवे गेले की आजेसासूबाई गल्ल्यातली नाणी नुसत्या बोटांनी ओळखायच्या, पावली कुठली आणि आठ आणे कुठले. १९६९च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, उधारीची वही भिजली. पानं दोरीवर वाळत घातली तर शाई पसरलेली, कुणाकडे किती बाकी ते वाचताच येईना. काही गिऱ्हाइकं स्वतःहून येऊन आकडा सांगून गेली. काही तिथून पुढे दुसऱ्या दुकानात जायला लागली.

“हे पुस्तकात आहे?”

त्यांनी पान काढून दाखवलं. “नियतीच्या क्रूर घाल्याने आमच्या दुकानाचे अपरिमित नुकसान झाले.” एवढंच.

मला वाटतं, बहुतेक वाईट लेखन असंच होतं. शुद्धलेखनाच्या चुकांनी पुस्तक मरत नाही. सांगायला अवघड किंवा जिव्हाळ्याची गोष्ट जवळ आली, की माणूस तयार शब्द पांघरून घेतो. बाबा नातवाला हीच गोष्ट सांगत तेव्हा पोरगा जेवायचं विसरे. लेखणी हातात घेतली की मात्र ते सत्काराला निघाल्यासारखा कोट चढवून बसत.

बाईंना घरी करायला काम दिलं. शिसपेन्सिल घ्या. लाल पेन नको, ते हातात आलं की तुम्ही बाई होता आणि बाबा विद्यार्थी. जिथे लक्ष उडालं तिथे समासात रेघ, जिथे ‘पुढे काय झालं?’ असं वाटलं तिथे टिंब. ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही. मोठं बोलायची भीती वाटली की लोक वेलांट्या दुरुस्त करत बसतात, आणि शिक्षक तर हमखास. आणि बोलण्याआधी बाबांना विचारायचं, पुस्तक कुणासाठी आहे?

बाबांचं उत्तर आलं, “नातवासाठी. त्याला कळू दे आपण कोण होतो.” नातू इंग्रजी माध्यमात. नंदादीप त्याने पाहिलेलाही नाही.

आधी कौतुक, मधे टीका, शेवटी पुन्हा कौतुक, अशी एक पद्धत सर्रास शिकवली जाते. मला ती फारशी पटत नाही. ऐकणारा दोनदा फसला की कौतुक सुरू होताच अंग चोरतो. त्यापेक्षा पान दाखवावं आणि त्या पानावर आपलं काय झालं ते सांगावं. ते ऐकून त्याला राग येईल, पण खोटं म्हणता येणार नाही.

आम्ही संभाषणाची तालीमही केली, विशेषतः एका वाक्यासाठी. ते वाक्य आलंच. दुपारी घरात दोघंच असताना त्या म्हणाल्या, “बाबा, पुराचं पान वाचताना मला दुकान दिसलं नाही. तुम्ही सांगता तेव्हा दिसतं.” बाबा म्हणाले, “म्हणजे मला लिहिता येत नाही, असंच ना?”

इथे भलेभले माघार घेतात. ‘नाही हो, तसं नाही, छानच आहे’ म्हणतात आणि आधीचं सगळं पाण्यात जातं. त्या म्हणाल्या, “या पानावर आलेलं नाही. पण गोष्ट तुमच्याकडे आहे.”

बाबा रुसले. सकाळचा चहा खोलीत मागवायला लागले. सासूबाईंनी दोष सुनेला दिला, “या वयात कशाला दुखवायचं त्यांना?” हे होणार याची बाईंना कल्पना दिली होती, तरी त्यांना ते जड गेलं. मग एका रात्री बाबांनी नातवाला वहीची गोष्ट सांगितली आणि सूनबाईंना हाक मारून म्हणाले, “मोबाइलवर रेकॉर्ड करून घे.” आता तेच लिहून काढताहेत. उधारी बुडवणाऱ्या एका घराचं नाव घालायचं की नाही, यावर वाद चालू आहे.

आईचं प्रकरण नवं झालं, नंदादीप गेला. निवृत्तीच्या निरोप समारंभाचं प्रकरण मात्र बाबांनी हलवू दिलेलं नाही. त्यात साहेबांची, सहकाऱ्यांची नावंच नावं आहेत, पानभर. बाईंनी पेन्सिलच्या रेघा दाखवून स्पष्ट सांगितलं, “बाबा, हे कुणी वाचणार नाही.”

बाबा म्हणाले, “ज्यांची नावं आहेत ते वाचतील.”

यावर बाईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.