बंद झालेल्या महागड्या गॉगलचे सुटे भाग मुंबईत मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या भावाने २००४ साली अमेरिकेहून आणलेला ओकली कंपनीचा ज्युलिएट गॉगल तुमच्याकडे आहे. नाकाजवळचा सांधा खुळखुळतोय, काड्यांवरची रबरं चिकट झालीत, एका काचेचा मुलामा उडालाय. शोरूमवाले म्हणतात मॉडेल बंद, पार्ट येत नाही. मुंबईत कुणी दुरुस्त करून देईल, की कपाटात ठेवून द्यायचा?

दुरुस्त होईल. पण सगळं एकाच माणसाकडे होणार नाही, आणि ‘ज्युलिएटचा पार्ट आहे का’ असं विचारत दुकानं पालथी घातलीत तर कुठेच होणार नाही. गिरगावात आमचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. कॉलेज सुटलं की मी वडिलांशेजारी फिटिंगच्या टेबलावर बसायचे, अशी अकरा वर्षं बसले. काडीवर नाव कुणाचंही असो, आतले निम्मे भाग कुणाच्याच नावाचे नसतात. घाऊक दुकानात स्क्रू मागताना कुणी कंपनी सांगत नाही, माप सांगतं. साध्या फ्रेमच्या बिजागरीला बहुतेक वेळा १.४ मिलिमीटरचा स्क्रू लागतो, नोज पॅड (नाकावर टेकणाऱ्या गाद्या) दाबून बसवायचे की स्क्रूचे एवढंच बघायचं. म्हणून आधी गॉगल समोर ठेवा आणि कुठला भाग फक्त त्याच मॉडेलचा आहे ते ठरवा. सगळा शोध तेवढ्यासाठीच.

तुमच्या बाबतीत तो भाग नाकाजवळ आहे. ज्युलिएट १९९९ साली आला, त्याच्या दोन वर्षं आधी आलेल्या ओकलीच्याच रोमिओ मॉडेलच्या घराण्यातला. ही फ्रेम एकसंध नाही. दोन डोळ्यांच्या दोन धातूच्या चौकटी मधल्या तुकड्याला सांध्याने जोडलेल्या असतात आणि सांध्यात रबराचे बारीक बुश, म्हणजे कड्या, असतात. नवा असताना तो सांधा जेमतेम हलतो. बुश झिजले की खुळखुळा होतो. म्हणजे धातू बहुधा ठणठणीत आहे, गेलंय ते रबर. एवढ्यासाठी गॉगल मोडीत काढायचा नसतो.

रबर का गेलं, तर आपली हवा. असं मऊ रबर-प्लास्टिक दमटपणात हळूहळू आतून विघटित होतं, वर घाम, केसांचं तेल आणि सनस्क्रीन. ओकलीची नाकावरची आणि काड्यांवरची रबरं तर घामाने ओली झाली की जास्त घट्ट पकडतील अशीच बनवलेली. चार पावसाळे बंद डबीत काढलेला गॉगल उघडला की बोटांना डिंक लागल्यासारखं वाटतं, ते हेच. एकदा चिकट झालेलं रबर परत सुधारत नाही. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर असलं काही लावू नका. रिमूव्हरमधलं ॲसिटोन अ‍ॅसिटेट प्लास्टिकची फ्रेम विरघळवतं आणि पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या काचेला बारीक तडे पाडतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बस.

ही रबरं आणि बुश कंपनीकडे नाहीत, पण परदेशातल्या तिऱ्हाईत कंपन्या त्यांचे संच करून विकतात, कारण या गॉगलवर जीव टाकणारे जगभर आहेत. ब्राझीलमध्ये तर ज्युलिएटचं वेडच आहे. त्याच वेडामुळे नकलांचाही पूर आहे, तेव्हा तुमचा अस्सल आहे ना हे आधी बघून घ्या. कुणीतरी लोहचुंबक लावून दाखवेल आणि म्हणेल चिकटला नाही, म्हणजे टायटॅनियम, म्हणजे अस्सल. चुंबक टायटॅनियमला चिकटत नाही हे खरं, पण जस्ताच्या स्वस्त मिश्रधातूलाही चिकटत नाही. त्यापेक्षा सांधा तपासा. नकलेत तो बहुतेक नुसता दाखवायला असतो.

दुसरा मार्ग म्हणजे ‘मेलेला’ गॉगल विकत घेणे. काचा फुटलेला, एक काडी नसलेला त्याच मॉडेलचा तुकडा ईबेवर धडक्या गॉगलपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि त्यातून स्क्रू, पिना, काडी असं सगळं निघतं. कुरियरने मागवलात तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करा. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत आला तर उत्तम.

ज्युलिएटचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे आहेत, टॉर्क्स म्हणतात ते. चष्मेवाल्याकडे साधा चपटा पेचकस असतो आणि तो तोच घालून खाच गोल करून टाकतो. लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्तीच्या हत्यारांत छोट्या टॉर्क्सचा संच मिळतो. तो घ्या, स्वतः करा, नाहीतर फिटरच्या हातात द्या. आणि फेविक्विकची बाटली घरात लपवून ठेवा! खुळखुळणारा सांधा चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो. फेविक्विकच्या वाफेने काचेवर पांढुरकं धुकं बसतं, आणि सांधा कायमचा आखडतो तो वेगळाच.

आता काच. इथे मी जरा जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक, खरं म्हणजे अज्ञान, इथेच आहे. ‘काच कापून देतो’ असं कोणीही म्हणेल. जुन्या काचेचा फर्मा करून नवी कापणं अवघड नाही. अवघड आहे ती गोलाई. साध्या चष्म्याची काच जवळजवळ सपाट असते, चेहऱ्याला गुंडाळून बसणाऱ्या गॉगलची बेस कर्व्ह, म्हणजे गोलाईचं माप, ८ च्या आसपास. दुकानात पडलेल्या सपाट काचेतून कापून कोंबली तर ती एक दिवस पटकन बाहेर उडी मारते. शिवाय अशी काच डोळ्यासमोर तिरकी बसते, म्हणून चांगल्या कंपन्या तिची जाडी कडेकडे बदलत नेतात. ते न करता नुसती गोल काच बसवली की अर्ध्या तासात डोकं जड होतं. गाडी चालवणार असाल तर या भागात काटकसर करू नका, ज्युलिएटसाठी तयार मिळणाऱ्या तिऱ्हाईत काचाच घ्या. नंबरची काच हवी असेल तर प्रकरण वेगळं, आधी लॅबला फ्रेम दाखवून विचारा.

माझा स्वतःचा फटका सांगते. दुकान बंद झाल्यावर मी माझा एक पोलराइज्ड गॉगल, तोही बंद झालेल्या मॉडेलचा, काडी वाकवून घ्यायला एका चकचकीत दुकानात दिला. दुकानातल्या मुलाने काचा न काढता फ्रेम हीटरवर धरली. पोलराइज्ड काच म्हणजे दोन थरांमध्ये पातळ फिल्म, उष्णतेने कडेचे थर सुटले आणि मधे तेलाच्या डागासारखं इंद्रधनुष्य उमटलं. वर म्हणतो, ‘मॅडम, हे आधीपासूनच होतं.’ तेव्हापासून देण्याआधी फोटो काढते आणि काचा मीच काढून देते.

तुलनेला वडिलांचा रे-बॅन. रे-बॅन बॉश अँड लोंब कंपनीकडे होतं त्या काळातला, काचेच्या कडेला बारीक ‘बीएल’ कोरलेला. तेव्हा हे गॉगल राजस्थानात भिवाडीलाही बनायचे. १९९९ साली इटलीच्या लक्सॉटिका कंपनीने रे-बॅन घेतलं आणि नव्या काचांवर ‘आरबी’ आलं. त्याची जी-१५, म्हणजे हिरवट-करडी, एक काच फुटली तेव्हा मी रे-बॅनच्याच आजच्या एव्हिएटर मॉडेलची ५८ मिलिमीटर मापाची घेतली. किंचित मोठी होती, खरी काच असल्यामुळे घासून बसवता आली. पॅडजवळ हिरवं साचलं होतं, तो तांब्याचा गंज, ब्रशने गेला. जुन्या धातूच्या फ्रेमचं असं सोपं असतं, तुटली तरी डाग देता, म्हणजे झाळून जोडता येते. टायटॅनियमला साध्या गॅसच्या ज्योतीवर डाग धरत नाही. तुमची चौकट कुठे तडकली असेल तर झवेरी बाजारात लेझरवर दागिने जोडणारे आहेत, त्यांना धातू कुठला ते आधी सांगा. सगळे हो म्हणतील असं नाही.

कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका. पर्सोल १९९५ ला, रे-बॅन १९९९ ला, ओकली २००७ ला, गॉगलच्या तिन्ही कंपन्या त्याच लक्सॉटिकाच्या घरात गेल्या. तीन काउंटरवर तीन उत्तरं मिळणार नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं खरं, पण ते शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं आणि गाड्यांसाठी. गॉगल त्यात नाही.

क्रम असा ठेवा: आधी रबर आणि बुशचा संच मागवा, तो बसला आणि सांधा घट्ट झाला तरच काचांवर पैसे घाला. जुने भाग, अगदी चिकट रबरसुद्धा, एका डबीत जपून ठेवा, माप दाखवायला तेच लागतात. पॅड, साधे स्क्रू, असलं काही हवं असेल तर काळबादेवी-प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला चष्म्याचे घाऊक व्यापारी आहेत. एक-दोन नगांसाठी कुरकुरतील, मिसळ स्क्रूंची पुडी मागा. रविवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.