जास्त चाललेल्या गाडीतला आवाज: आधी ऐका, मग खोला

गिअरबॉक्स उतरवायची घाई करू नकोस. आवाज नेमका कधी येतो, ते आधी पकड. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट येत असेल तर बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा) बघ. त्याचं रबरी बूट (आवरण) फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर संशय पक्काच. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरते, सोडल्यावर थांबते? मग आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा सीव्ही जॉइंट तपास.

घूं-घूं आवाज वेगाबरोबर वाढतो आणि न्यूट्रलमध्येही राहतो, तेव्हा टायर किंवा व्हील बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो भाग). डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. टायर पुढचे-मागे करूनही बघ. वेडेवाकडे झिजलेले टायर अगदी बेअरिंगसारखेच गातात, आणि इथे भलेभले फसतात.

क्लच? वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात पूर्ण ॲक्सिलरेटर दे. आरपीएम (इंजिनचे फेरे) चढले पण वेग नाही, तर क्लच प्लेट घसरतेय.

गिअर टाकताना 'धप्प' झालं तर आधी इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार) बघ. स्वस्तातलं काम आधी.